लॉग कोणी लावला?

तांबेला मिळालेले पेढे मी खाणार नव्हते. पुडा टेबलावरून फिरत माझ्यापर्यंत आला, मी तो पुढे सरकवला, आणि फिरून परत आला तेव्हा त्यात एकच उरला होता. खाल्ला. चांगला निघाला, त्याचा आणखी राग आला. त्या पेढ्यांवर माझाही हक्क होता, खरं तर माझाच होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आज निवृत्त होऊन भांडुपच्या घरी लिहायला बसल्यावरही वाटतं. पुढचं सगळं एका जळकुकड्या बाईने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी काय काम करायचे हे आमच्या सोसायटीत कोणालाच कळलं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. माझं काम साठवणुकीचं. लोकांची कागदपत्रं, फोटो, चित्रीकरण जपून ठेवायचं. ऑफिस अंधेरीला आणि मशीन मुलुंडला एका थंडगार इमारतीत. एक भलीमोठी डिस्क घेऊन त्यात सगळं कोंबायचं, असं यात नसतं. पुष्कळ मशीन एकमेकांना जोडायची, प्रत्येकात पुष्कळ डिस्क, आणि फाईल आली की तिचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर ठेवायच्या. मग एखादं मशीन मेलं तरी गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. या सगळ्या गोतावळ्याला क्लस्टर म्हणतात.

हे समजावताना एकदा मी एका जवाहिऱ्याला घालवणार होते. घाटकोपरचा मोठा शेठ. “माझा माल कुठल्या कपाटात आहे ते दाखवा,” म्हणून मुलुंडला येऊन उभा राहिला. मी त्याला तुकडे, प्रती, सगळं नीट सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे माझा पूर्ण माल एका जागी कुठेच नाही?” मी म्हटलं, नाही. तेवढ्यात तांबे आला, समोर दिसली त्या डिस्कवर थाप मारली आणि म्हणाला, “शेठ, हा तुमचा.” शेठने त्या डिस्कला हात जोडले आणि समाधानाने गेला. पुढची कित्येक वर्षं तो तांबेची चौकशी करायचा. माझी कधी केली नाही.

आता लॉग म्हणजे काय ते सांगते, कारण माझं सगळं दुखणं तिथे आहे. प्रत्येक डिस्कवर एक प्रोग्राम राखणीला बसलेला असतो. तुकडा आला की घ्यायचा, शेजाऱ्यांना प्रती पाठवायच्या, त्यांची पोच आली की ‘झालं’ म्हणायचं. हे करताना तो स्वतःशी बडबडत असतो, ती बडबड म्हणजे लॉग. किती बडबडू द्यायचं हे आपण ठरवतो, शून्यापासून वीसपर्यंत आकडा लावून. शून्यावर तो घुम्यासारखा बसतो, काही मोडलं तरच बोलतो. विसावर शिंकला तरी लिहितो. यातही आकडे दोन असतात, आणि ही गोष्ट आमच्या धंद्यातल्याही पुष्कळांच्या ध्यानात नसते. पहिला आकडा किती लिहायचं त्याचा, दुसरा किती नुसतं लक्षात ठेवायचं त्याचा. लक्षात ठेवलेलं तो लिहीत नाही. मोडून पडला, किंवा कोणी मुद्दाम विचारलं, तरच ओकतो. शिवाय लक्षात थोडंच मावतं, नवं आलं की जुनं गळतं.

हे आकडे लावणं माझं काम होतं. चालू क्लस्टरवर, गिऱ्हाइकाला धक्का न लावता, नेमक्या राखणदाराची नेमकी बडबड वाढवायची, हवं ते मिळालं की आठवणीने उतरवायची. कमी लावला तर काही कळत नाही. जास्त लावला तर लिहिता लिहिताच बिचाऱ्याचा जीव जातो. स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे हे, बरोबर पडलं की कोणी मिठाचं नाव काढत नाही. मला ते बरोबर जमायचं. स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

मी लॉग लावायचे आणि तांबे वाचायचा.

प्रकाश तांबे, राहणार बोरीवली, माझ्यानंतर नोकरीला लागला. कॅन्टीनचं कूपन कुठे मिळतं ते त्याला मी दाखवलं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला. मी काढून दिलेला लाखो ओळींचा लॉग तो चहाचा ग्लास हातात धरून भराभर वर सरकवायचा, मध्येच थांबायचा आणि पडद्यावर बोट ठेवायचा. “हे बघ.” दुखणं तिथेच असायचं. कसं कळतं विचारलं तर म्हणायचा, “काय माहीत यार, खटकतं.” मला कधी खटकलं नाही. मी ओळ न् ओळ वाचायचे, डोळे चुरचुरेपर्यंत वाचायचे, आणि त्या ओळीवरूनसुद्धा पुढे निघून जायचे. त्याच्या त्या बोटाचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा बहिणीच्या ठाण्याच्या फ्लॅटचाही वाटला नाही.

माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. नव्हता. माझ्या आईच्या ऑपरेशनला रक्त द्यायला ऑफिसातून पहिला तोच आला होता. आई त्याला ‘तो गुणी झील’ म्हणायची, म्हणजे गुणी मुलगा. अशा माणसावर जळायला फार मेहनत लागते. मी ती घेतली.

आमच्याकडे एक मालिकांचं गिऱ्हाईक होतं. मढच्या बंगल्यांतून दिवसभराचं चित्रीकरण यायचं, आमच्या क्लस्टरवर चढायचं आणि अंधेरीतले त्यांचे एडिटर तिथूनच कापाकापी करायचे. त्यांचा कारभार बघायचे भावेशभाई. गुजराती माणूस, मराठी सफाईदार, आवाज लाऊडस्पीकरचा. एका पावसाळ्यानंतर त्यांचे रोज दुपारी फोन सुरू झाले. “मॅडम, तुमचा डबा परत झोपला. हिरॉईन अर्धी आली आणि अडकली. एपिसोड आज जायचाय, मी काय चॅनलला अर्धी हिरॉईन देऊ?”

मढचा माल चढायला लागला की क्लस्टर मिनिटभर गपकन थांबायचा आणि आपोआप सुरू व्हायचा. कधी हा राखणदार तक्रार करायचा, कधी तो. नेमका दोषी कळेना. त्यातच साहेबांनी जाहीर केलं होतं की टीमला एक प्रमुख नेमायचा आहे. म्हणजे तांबे किंवा मी, तिसरं कोणी नव्हतंच. मला ती जागा हवी होती. ‘मला काय, कोणीही होऊ दे’ असं मी कॅन्टीनमध्ये म्हणायचे आणि घरी देवाला सांगायचे की मलाच.

संशय होता त्या राखणदारांची बडबड मी विसावर नेली. त्या दुपारी क्लस्टर झोपलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आकडा उतरवला की लगेच झोपला. पुन्हा चढवला, पुन्हा शहाण्यासारखा चालला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. तांबे हसला. “परब, तुझा लॉग बघून तो सरळ होतो. हवालदार उभा असला की सगळे सिग्नल पाळतात ना, तसं.” सगळे हसले. मीही हसले, पण मनातून नाही.

मग तांबेने सुचवलं की एकदोन राखणदारांवर कशाला, सगळ्यांवरच वीस लावूया, कुठेतरी सापडेलच. मी साहेबांसमोर म्हटलं, “नको. वाट लागेल. लॉग पडतो ती डिस्क लहान आहे, आणि त्याच डिस्कवर मॉनिटरचं सामान आहे.” मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे, वर्गातला मॉनिटर समजा. कोण हजर, कोण गैरहजर, कोणाकडे काय, याची हजेरी ठेवणारे तीन प्रोग्राम. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक खाली बसले तर राखणदार जिवंत असूनही कोणी काही घेत नाही, देत नाही.

“तू ना, फार घाबरतेस,” साहेब म्हणाले. “तांबे, करून टाक.”

जेवणाचे डबे धुवून होईस्तोवर लॉगच्या डिस्क भरल्या. एक मॉनिटर बसला, मग दुसरा, आणि सगळं ठप्प. अर्धी काय, हिरॉईनचं नखही कुठे दिसेना. भावेशभाई रिक्षा करून आले आणि आमच्या डोक्यावर उभे राहिले. तांबे खुर्चीत नीट बसला, बाह्या दुमडल्या, आणि बसल्या जागेवरून एकेका मशीनमध्ये शिरून आकडा उतरवायला आणि लॉग पुसायला सुरुवात केली. आवाज शांत, हात शांत. “हा उठला. आता दुसरा उठेल. उठला. भावेशभाई, बसा ना, चहा घ्या.” त्याच्या खुर्चीमागे ही गर्दी. शेवटचा मॉनिटर उठला, क्लस्टर हलला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी भावेशभाईंनी पेढे पाठवले. पुड्यावर नाव तांबेचं.

आग त्याने लावली, त्यानेच विझवली, आणि हारही त्याच्याच गळ्यात! आणि जिने आग लावू नका म्हणून सांगितलं होतं तिचं काय? साहेब जाता जाता म्हणाले, “तू बोलली होतीस खरी. पण त्याने काय भारी सांभाळलं ना?” माझे क्लस्टर कधी बसले नाहीत म्हणून मला कोणी कधी उठवताना पाहिलं नाही. घरी येऊन आईसमोर फणफणले. आई मालवणची, गिरणीतल्या नवऱ्यामागे भांडुपला आलेली, बोलली तरी मोजकंच. वाटाणे सोलत म्हणाली, “तुजा काम दिसनाच नाय, तर लोकांनी बगायचा काय गो?” मग थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणाली, “करून गेलो गाव नि कांदळगावकराचा नाव.” गाव करून गेलं आणि नाव झालं भलत्याचंच. मी त्या दिवशी जेवले नाही.

पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्या दोन आकड्यांची संगती लागली. लिहायला लावलं की राखणदार लिहिण्यात गुंततो, मंद होतो, म्हणून गर्दीच होत नाही आणि दुखणं लपून बसतं. मग लिहायला लावायचंच नाही. पहिला आकडा एक. दुसरा वीस. तोंड बंद, लक्ष मात्र सगळीकडे. फक्त जुनं गळून जायच्या आत त्याला बोलतं करायचं.

सकाळी कोणालाही न विचारता मी तसे आकडे लावले. भावेशभाईंना फोन केला. “झोपला की लगेच मला सांगायचं. चहा संपवून नाही, लगेच.” दुपारी त्यांचा फोन आला तो ओरडतच, “मॅडम, झोपला, झोपला!” मी आज्ञा सोडली आणि सगळ्या राखणदारांनी मनातलं ओकून टाकलं. पहिल्यांदाच दुखण्याचा नेमका क्षण हातात आला होता. मी साहेबांना सांगितलं नाही. वाचून, दोष काढून, मगच सांगायचं ठरवलं होतं. यावेळी बोट माझं असणार होतं.

मी वाचत बसले. दुपार गेली. बाकीचे निघायला लागले. मी वाचतच होते, आणि मला काही म्हणजे काही खटकत नव्हतं. तांबे बॅग खांद्याला लावून निघाला होता, माझ्यामागे थांबला.

“कसला लॉग आहे गं?”

“काही नाही.”

“वर घे जरा.”

मी घ्यायला नको होतं. पण मी घेतलं, कारण दुखणं सापडावं असंही मला वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं. त्याने दोनचार पानं सरकवली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“हे बघ. हा पोच देतोय, पण त्या दुसऱ्याला मिळतेय बघ किती उशिरा. पुन्हा इथे. तेच दोघं. परब, राखणदार बरोबर आहेत, मधली वायर खराब आहे.”

मुलुंडला जाऊन बघितलं तर मशीनच्या कपाटाच्या दारात केबल चेमटली होती. थोडा माल असला तर निभवायची, गर्दी झाली की धाप लागायची. केबल बदलली आणि हिरॉईन अखंड पोचायला लागली.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि तांबेला विचारलं, “कसं सापडलं रे?”

मला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, परबने लॉग लावला म्हणून. तेवढं तो बोलला असता तर खुर्चीही त्याला देऊन टाकली असती मी.

तांबे म्हणाला, “लॉगमध्ये दिसलं.”

दिसलं! म्हणजे लॉग पावसासारखा आपोआप पडला होता आणि हा नुसता खिडकीशी उभा होता. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. विहिरीवर पाणी भरताना विहीर कोणी खणली ते कोण विचारतो? खुर्ची त्याला मिळाली. माझे ते दोन आकडे पुढे आमच्या प्रत्येक नव्या क्लस्टरवर गेले, आणि त्यांना नाव पडलं ‘स्टँडर्ड’. नवी पोरं मलाच सांगायची, “मॅडम, याला हात नका लावू हां, हे स्टँडर्ड आहे.”

त्या वाक्याची वाट मी निवृत्तीपर्यंत बघितली. दर मीटिंगला बघितली. तांबे प्रमुख म्हणून वाढत गेला, टक्कल पडलं, चष्मा आला, बोट तसंच राहिलं. अडलं की माझ्या टेबलाशी यायचा, “परब, जरा आकडे लाव ना.” मी लावायचे, तो बोट ठेवायचा, टाळ्या त्याला. मी मनात दरवेळी म्हणायचे, आज म्हणेल.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी एका कंपनीने लॉग वाचणारं नवं सॉफ्टवेअर दाखवायला आणलं. सगळे मोठे साहेब जमले, सँडविच मागवली होती. टाय लावलेला एक हसरा तरुण आला. त्याने आमच्याच एका क्लस्टरचा आदल्या आठवड्यातला लॉग त्यात टाकला. त्या दुखण्यावर तांबेने बराच वेळ घालवला होता आणि हाती काही लागलं नव्हतं, आता त्याचेही डोळे थकले होते. सॉफ्टवेअरने मिनिटभरही घेतलं नाही. पडद्यावर एक ओळ लाल झाली आणि शेजारी कारण उमटलं. तिथल्या तिथे तपासलं, बरोबर होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तांबेकडे बघितलं. त्याचं उजवं बोट टेबलावर होतं, नुसतंच, कुठेही न ठेवलेलं. आणि तोंडावर जे होतं ते मी ताबडतोब ओळखलं. आरशात इतकी वर्षं मी तेच बघत आले होते.

“छान आहे,” तांबे म्हणाला. “पण मला सांगा, हा लॉग आला कुठून?”

“सर, लॉग तर असतोच ना,” तरुण म्हणाला.

“असतोच म्हणजे? कोणी लावला?”

तरुण गोंधळला. “सर, ते स्टँडर्ड सेटिंग असतं.”

“स्टँडर्ड बिंडर्ड काही नसतं!” तांबेचा आवाज चढला. “लावावा लागतो. कुठे किती, लिहायचं किती, लक्षात ठेवायचं किती. ही बसलीय ना समोर? परबने लॉग लावला. मढवाल्यांचं दुखणं सगळे म्हणतात तांबेने पकडलं. हिने लॉग लावला नसता तर मला काय घंटा दिसलं असतं! तुमच्या मशीनला विचारा ना, जमतं का लावायला?”

मोठे साहेब हसून म्हणाले, “गुड, गुड,” आणि खुर्च्या सरकल्या, लोक सँडविचकडे गेले. तो तरुण आपला लॅपटॉप मिटायला लागला. ज्यांनी ऐकावं म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते त्यांच्यातलं त्या खोलीत कोणी उरलंच नव्हतं. आमचे जुने साहेब कधीचे गेले होते, भावेशभाई धंदा मुलाला देऊन सुरतेला गेले होते, आई नव्हती. आणि तांबे बोलला होता तो माझ्यासाठी नाही. त्याला त्या मशीनला खाली पाडायचं होतं, हाताला लागला तो दगड त्याने उचलला. ते मला कळलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तरीही वाक्य मिळालं होतं. अक्षर न् अक्षर तेच.

तांबे तसाच बसून होता. मी दोन सँडविच घेऊन आले, एक त्याच्यापुढे ठेवलं.

“खा रे.”

“भूक नाहीये यार,” तो म्हणाला. मग बंद पडद्याकडे बघत म्हणाला, “लगेच पकडलं गं त्याने.”

“हो.”

“मला नव्हतं दिसलं.”

मी त्याच्या त्या बोटाकडे बघितलं आणि सवयीने पोटात दुखायची वाट बघत बसले. दुखलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर जळले, त्याचा हेवा करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं की हातातलं सँडविच मलाही खाववलं नाही.